दहापैकी नऊ

काकाजी, तुम्ही गेलात, ते एकवेळ मी समजून घेईन. छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं, त्याला तुम्ही काय करणार आणि मी काय करणार. पण माझ्या त्या उत्तराला तुम्ही दहापैकी नऊ मार्क दिलेत, ते मला समजून घ्यायचंच नाही. महिना झाला तुम्हाला जाऊन. गल्लीत सगळे तुमच्याबद्दल गोड बोलून राहिले. देवमाणूस होता म्हणतात. मी त्यांच्यात बसत नाही. मी तुमच्यावर चिडलेली आहे, आणि ज्याच्यावर चिडले तोच ऐकायला नाही, म्हणून हे कागदावर.

साईनगरात आमच्या समोरच्या घरात तुम्ही आणि मंदाकाकू भाड्यानं राहायला आलात, तेव्हा मी पुण्याहून एमबीए करून अमरावतीला परत आले होते. नोकरी नव्हती. सल्लागार कंपन्यांच्या मुलाखती दोनदा दिल्या आणि दोनदा आपटले. तिसरी तेवढी उरली होती, आणि ही गेली तर बाबांनी बीएडचा फॉर्म आणून ठेवला होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य काढलेला माणूस, त्याला मुलीची काळजी अशीच करता येते. मी रोज गच्चीवर उभी राहून पाण्याच्या टाकीला इंटरव्ह्यू देत होते. हातवारे करत, मोठ्यानं. एक दिवस तुम्ही तुमच्या गॅलरीतून विचारलंत, "कोनाशी भांडून राहिली वं?"

"भांडत नाही काकाजी. अभ्यास करून राहिले."

"असा कोनता अभ्यास?"

मी सांगितलं. मुलाखतीत एक कंपनी देतात आणि तिचं दुखणं सांगतात. अर्ध्या तासात आपण प्रश्न विचारत विचारत त्यावर उपाय काढायचा. याला केस म्हणतात. माझ्या केसेस खरेदीच्या. कच्चा माल कोणाकडून घ्यावा, कसा घ्यावा, वेळेवर कसा यावा, त्यात कुठे कुठे वाया जातं. तुम्ही शर्टाच्या बाहीनं चष्मा पुसत ऐकत होतात.

"म्हंजे माल घेनं," तुम्ही म्हणालात. "तीस साल म्या तेच केलं, अकोल्याच्या डाळ मिलमधी. चार वाजता ये. चहा पिऊ अन् तुह्या टाकीले आराम देऊ."

तीस वर्षं खरेदी केलेला माणूस छप्पन्नाव्या वर्षी अकोला सोडून अमरावतीत भाड्याच्या घरात का राहतो, हे मी तेव्हा विचारलं नाही. तुम्ही रिटायर झालो म्हणालात, मी हो म्हटलं. मुलाखतीत समोरच्याला वीस प्रश्न विचारायची तयारी करणारी मी. माझ्यावरचा राग मी वेगळा ठेवलाय, तो नंतर.

चार वाजताची ती शिकवणी अडीच महिने चालली. तुमच्या व्हरांड्यात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, मधे स्टूल, स्टुलावर तुरीच्या वाट्या. तुम्ही मुलाखत घेणारे साहेब व्हायचं असं ठरलं होतं, पण तुम्हाला साहेब होताच येत नव्हतं. मी म्हणायचे, "सर, आपण आधी या प्रश्नाचे तीन भाग करू." तुम्ही म्हणायचात, "भाग मंग कर, प्रांजू. आधी हे खाय." आणि तुरीचा एक दाणा हातावर ठेवायचात. दाढेखाली दाबायचा. कट्ट वाजला तर माल कोरडा. दबला, पिचला, तर ओला, अन् ओला माल भरला तर पंधरा दिवसात वजन उतरणार. पोत्याच्या तोंडाशी कधी बघायचं नाही, कोपरापर्यंत हात घालायचा आणि तळातली मूठ काढायची. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात तुम्ही मला भर गिऱ्हाइकीत पोत्यात हात घालायला लावलात. दुकानदार बघत राहिला. मी लाजेनं मेले होते.

भांडलो तर आपण रोज. मी म्हणायचे, पुरवठादार जास्त ठेवा, त्यांच्यात चढाओढ लावा, स्वस्त देईल त्याचा माल घ्या. तुम्ही म्हणायचात, "अन् ज्या साली तूर भेटतच नाई, त्या साली तुही चढाओढ कोनासंग लावशीन?" मी म्हणायचे त्याला जोखीम म्हणतात, तिचं वेगळं कोष्टक असतं. "कोष्टकात घाल मंग," तुम्ही म्हणायचात, "पन त्या साली ज्या अडत्यानं मले रात्री फोन करून सांगतलं का दोन गाड्या तुह्यासाठी थांबवल्या, थो कोन्या रकान्यात बसते थे सांग." मी चिडायचे. तुम्ही हसायचात. आतून मंदाकाकू ओरडायच्या, "पोरीले बोलू तं द्या." हा वाद आपला कधी मिटला नाही. दर वेळी चहा संपायचा आणि वाद तसाच स्टुलावर राहायचा.

एक दिवस तुम्ही मला अकोल्याला नेलंत, बाजार दाखवायला. मूर्तिजापूरला एसटी थांबली तेव्हा तुम्ही खाली उतरून गरम भजी आणलीत आणि रस्ताभर तुरीवर बोललात. बाजार समितीत तुम्हाला सगळे ओळखत होते. हातातलं काम टाकून उठत होते. एका म्हाताऱ्या अडत्यानं तुमचा हात दोन्ही हातात धरला आणि विचारलं, "आता कुठी हाय भाऊ?" तुम्ही म्हणालात, "आराम हाय." त्यानं हात सोडला नाही. परतताना मी हट्ट केला की तुमची मिल दाखवा. एमआयडीसीकडे रिक्षानं गेलो. तुम्ही रिक्षा लांबच थांबवलीत आणि म्हणालात, "आज बंद असते वं." फाटक सताड उघडं होतं. बाहेर चार ट्रक रांगेत उभे होते. मला ते दिसलं होतं, काकाजी. मला वाटलं तुम्ही दमलात.

आता त्या केसवर येते.

मुलाखतीच्या शेवटच्या फेरीला चार आठवडे उरले होते. तुम्ही कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलनं लिहून आणलं होतं आणि त्या दिवशी पहिल्यांदा नीट साहेब झालात. खुर्चीत ताठ बसलात, तुरीच्या वाट्यासुद्धा नव्हत्या. वाचून दाखवलंत. अकोल्याची एक डाळ मिल. माल घेणं महाग पडून राहिलं. खरेदीत तीन माणसं. एक बाजारात फिरते, एक आलेला माल पाहून उतरवते, एक कागद सांभाळते. मालकाचा मुलगा नवीन आला, त्याला सगळं आटोपशीर पाहिजे. काय सांगशीन?

मी फार खूश झाले. केस माझ्या हातातली होती. मी भराभर विचारलं, तुम्ही एकेका शब्दात उत्तरं दिलीत. मग मी मांडलं. ओलावा मोजायचं मशीन घ्या, दाढेचं काम मशीन करेल. ठरावीक व्यापाऱ्यांची यादी करा, भाव फोनवर येतील, बाजारात फिरायचं कारण नाही. मग तीन माणसं लागत नाहीत, एक पुरे.

"दोघायले काढावं लागन मंग," तुम्ही म्हणालात.

"हो."

"आधी कोनाले?"

आणि मी म्हटलं, "सगळ्यात जुन्या माणसाला. त्याचा पगार जास्त. आणि तो गेला तरी नुकसान नाही, कारण त्याच्या डोक्यात जे आहे ते आधी लिहून घ्यायचं. आठ दिवस त्याच्यासोबत बसायचं, गोड बोलायचं, सगळं काढून घ्यायचं. मग तो मिलला लागत नाही."

हे माझे शब्द आहेत. गोड बोलायचं, हेसुद्धा माझंच. कुठल्या पुस्तकात नव्हतं, मी स्वतःहून घातलं, कारण मला ते हुशारीचं वाटलं.

तुम्ही उठून आत गेलात. पाणी प्यायलात असं मला वाटलं. परत आलात, कॅलेंडरच्या कागदावर नऊ लिहिलंत आणि त्याला गोल केला. मी विचारलं, एक मार्क कशाचा कापला? तुम्ही म्हणालात, "लय घाईनं बोलली." आणि मग, "बाकी बराबर हाय. असंच बोलजो तिथी." मी तो कागद घेऊन घरी गेले आणि आईला दाखवला. नाचले मी, काकाजी, आमच्या स्वयंपाकघरात.

त्यानंतर अकरा दिवसांनी तुम्ही गेलात. सकाळी फुलं तोडत होतात. मंदाकाकूंच्या हाकेनं मी आणि बाबा धावत आलो, बाबांनी तुम्हाला गाडीत घातलं, माझ्या मांडीवर तुमचं डोकं होतं. राजापेठच्या चौकात सिग्नल लागला होता आणि मी काच खाली करून लोकांना शिव्या देत होते. एवढंच सांगते. बाकीचं मला सांगता येत नाही.

तेराव्याच्या आदल्या दिवशी मी काकूंजवळ बसले होते. बँकेचे कागद शोधायचे होते. लोखंडी कपाटातून एक फाईल निघाली आणि फाईलमधून एक गुळगुळीत कागदाचा जाड अहवाल, स्प्रिंगनं बांधलेला. वर मिलचं नाव. मी चाळला. मला चाळता येतं, त्याचीच तर तयारी केली होती. ओलाव्याचं मशीन होतं. व्यापाऱ्यांची यादी होती. तीनऐवजी एक होता. एका पानावर लिहिलं होतं की वरिष्ठ खरेदी अधिकाऱ्याची माहिती नोंदवून झाली आहे, हे पद आता आवश्यक नाही. काकूंनी माझ्या हातातून अहवाल घेतला नाही. म्हणाल्या, "वाचलं ना? हेच होतं."

मग त्यांनी सांगितलं. तुम्ही कधी सांगितलं नाहीत ते त्यांनी, चुलीवरून पातेलं उतरवताना सांगावं तसं, काम करता करता सांगितलं. "सल्लागार कंपनीची दोन पोरं आल्ती. तुह्याच वयाची. आठ दिवस यायच्या मागं मागं फिरली. यायले वाटलं शिकाले आली. चौथ्या दिवशी घरी आनलं जेवाले. परगावची पोरं, बाहेरचं खाऊन राहिली म्हने. म्या पुरनाच्या पोया केल्या. ताटात तूप वाढलं. यायनं ताटापाशीच त्यायले दाना दाढेखाली कसा दाबाचा थे शिकवलं. पोरं लय हासली. मले मावशी म्हनली. महिन्यानं चिठ्ठी आली."

मी विचारलं, मला काहून नाही सांगितलं?

"नको म्हने. पोरीचं मन मोडन म्हने."

"अन् त्या दिवशी? मी जेव्हा—"

"मी आतच होती बाई," काकू म्हणाल्या. "चहा करून राहिलती. सगळं आयकू आलं. हे आत आले, भिताडाले हात लावून उभे राहिले. म्या म्हटलं, बोला तिले काही. तं म्हने, काय बोलू, पोट्टी बराबर बोलून राहिली. जसंच्या तसं थेच कागदावर होतं."

यावर मी काय करायला पाहिजे होतं ते मला अजून कळत नाही. मी रडले नाही. मला राग आला. इतका राग आला की मी फाईल बंद केली, घरी गेले, आणि त्या कॅलेंडरच्या कागदाचे तुकडे केले, मग ते तुकडे फेकवले नाहीत म्हणून स्वतःवर चिडले.

तुम्ही मला तुम्हालाच काढून टाकल्याची केस दिलीत. का दिलीत? बाहेरच्या कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं का, की ते चुकले होते? मग माझं तोंड काहून निवडलंत? मी लहान आहे, प्रांजू आहे, तुमच्या स्टुलावरची तूर खाणारी, ही कदाचित दुसरं काही बोलेल असं वाटलं का? वाटलं असेल, तर तेवढा एक प्रश्न माझ्यासमोर ठेवायचा होता. म्हणायचं होतं, थो जुना मानूस मी होय. एवढे पाच शब्द. मी मान खाली घातली असती, माफी मागितली असती, भांडले असते, काहीतरी केलं असतं. तुम्ही मला ती संधी दिली नाहीत. तुम्ही मला मार्क दिलेत. भल्या माणसांचा हा फार मोठा दोष असतो, काकाजी. ते स्वतः गिळतात आणि समोरच्याला आयुष्यभर तोंड दाखवायला जागा ठेवत नाहीत.

आणि त्या दोन पोरांना जेवायला घालायचं काय अडलं होतं? कुणी विचारतं तर सांगावं, दारी आला तर जेवू घालावं. आपल्या वऱ्हाडात याला कोणी चूक म्हणत नाही. मी आता म्हणते. तुम्ही पूर्ण तीस वर्षं पोत्याच्या तळातली मूठ काढून पाहिलीत, आणि माणसांच्या बाबतीत वरवरचा दाणा पाहून गाडी उतरवून घेतलीत.

तुमच्या तेराव्यानंतर पाच दिवसांनी पुण्यात शेवटची फेरी होती. बाबा म्हणाले, नको जाऊ मन नसेल तर. बीएडचा फॉर्म त्यांनी तेव्हा टेबलावरून उचलला होता, एवढी त्यांची माया. मी गेले. बडनेऱ्याहून गाडीत बसले आणि रस्ताभर शपथ घेतली की माणसं कमी करा असं मी बोलणार नाही. कुठलीही केस येऊ दे. दुसरा उपाय काढीन, नापास झाले तरी चालेल.

केस मसाल्याच्या कारखान्याची आली. खरेदीत पाच माणसं. समोर दोघे बसले होते, एक बाई आणि एक साहेब, दोघेही चांगली माणसं, मला पाणी दिलं, अमरावतीची संत्री कशी असतात ते विचारलं. मी हळू बोलले. घाई केली नाही. माल कोण पाहतं, कसं पाहतं, टंचाईच्या वर्षी कोण फोन करतं, सगळं विचारलं. तुमचा तो अडत्या पण मी आणला, काकाजी, रकान्यात न बसणारा. साहेबानं पेन खाली ठेवून ऐकलं. आणि शेवटी त्या बाईंनी विचारलं, "मग मालकाला नेमकं काय सांगाल?"

मी म्हटलं, पाचचे तीन करा.

बोलले मी. समोरचं गणित तेच सांगत होतं आणि मला नोकरी पाहिजे होती. कुणी माझा गळा धरला नव्हता. बाई म्हणाल्या, फार परिपक्व उत्तर आहे, इतक्या कमी वयात ही समज कुठून आली? मी म्हटलं, आमच्या समोर एक काका राहायचे. त्या गोड हसल्या. बाहेर येऊन मी लिफ्टजवळ उभी राहिले आणि दोनदा आलेली लिफ्ट तशीच जाऊ दिली. तुम्ही इतकं चांगलं शिकवलं नसतं तर मी तिसऱ्यांदा आपटले असते आणि आज शांत झोपले असते. हे उपकार आहेत की काय आहे, मला ठरवता येत नाही. उपकारच आहेत. मला माहीत आहे. म्हणून तर जास्त राग येतो.

नोकरी लागली. पत्र आलं त्या दिवशी आईनं पेढे आणले आणि म्हणाली, पहिला काकूंना दे. मी डबा घेऊन समोर गेले. काकू व्हरांड्यात बसल्या होत्या, स्टूल आत नेऊन ठेवलं होतं. मी सांगितलं की लागली, आणि हेही सांगितलं की तिथे मी काय बोलले. लपवलं नाही. या घरात फार लपवून झालं होतं.

काकूंनी पेढा घेतला. तुमच्या फोटोसमोर ठेवला नाही, स्वतः खाल्ला, पूर्ण. हात पदराला पुसला.

"जाय," म्हणाल्या. "सोडू नको. तुह्या बापानं लय केलं तुह्यासाठी." मग डब्याला झाकण लावून तो माझ्याकडे दिला. मला वाटलं संपलं, मी उठले. तेव्हा माझ्याकडे न बघता बोलल्या, "पन एक आयक. ज्याच्या पोटावर पाय द्याले जाशीन, त्याच्या घरी जेवू नको."

तुम्हाला जे जमलं नाही ते काकूंना एका वाक्यात जमलं, काकाजी. त्या माझ्यावर रागावल्या. मी तिथेच पायरीवर बसून रडले, महिन्यात पहिल्यांदा, आणि त्यांनी मला उठवलं नाही.

सोमवारी मी रुजू होते आहे. काल कंपनीचा फोन आला होता. पहिलं काम तुमच्या भागातलंच आहे, म्हणाले, तुम्हाला भाषा येते, लोक मोकळे होतील. खामगावकडची तेलाची गिरणी. खरेदीत चार माणसं. त्यांच्यातला सगळ्यात जुना कोणीतरी मला चौथ्या-पाचव्या दिवशी म्हणणारच, पोरी, बाहेरचं काहून खाऊन राहिली, घरी चाल, तुही काकू वाट पाहून राहिली. आपल्याकडे कोण म्हणत नाही? आणि मी नको म्हटलं तर तो मला ओढून नेईल. त्याच्या ताटावर बसून मी त्याला खरं सांगू, की नुसतं जेवून येऊ, की उपाशी परत येऊ, हे मला तुमच्याशिवाय सांगू शकणारा माणूस नाही. चार वाजता येऊन विचारलं असतं. भांडले असते. तुम्ही गेलात, आणि या एका केसचं उत्तर मला एकटीला काढायला लावलंत. याला मी तुम्हाला माफ करणार नाही.